कोल्हापुरात बसून पुण्या-बेंगळुरूचं काम: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

"ताई, घरात बसून करण्यासारखं काहीतरी काम असलं तर बघा की." हे वाक्य मी भाजी मंडईत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांकडं आ करून बसले असताना त्यांच्या असिस्टंटकडूनही ऐकलंय. उत्तर द्यायला तोंड मोकळं नव्हतं. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. पुढच्या वेळी कुणी विचारलं की पाठवून देता येईल.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. नवरा कोल्हापुरात, मी पुण्यात, शुक्रवारी रात्रीची एसटी आणि रविवारी रात्रीची परत, अशी लग्नानंतरची तीन वर्षं गेली. २०२० च्या मार्चमध्ये कंपनीचा लॅपटॉप घेऊन मंगळवार पेठेतल्या घरी आले ती पंधरा दिवसांसाठी. अजून इथंच आहे. कंपनी तीच आहे, टेबल तेवढं बदललं.

ऑफिसात आपल्यामागं किती माणसं राबत असतात ते घरी बसल्यावर कळतं. लाइट गेली की जनरेटर चालू करणारा, नेट बंद पडलं की धावत येणारा आयटीवाला, टॅक्स कापून हिशोब ठेवणारा अकाउंटंट, गेटवर अनोळखी माणसाला अडवणारा वॉचमन. घरून काम धरलं की या सगळ्यांची ड्युटी आपल्या अंगावर येते. नवे लोक काम येत नाही म्हणून फारसे अडत नाहीत, या ड्युट्या कुणी सांगितलेल्या नसतात म्हणून अडतात. खालच्या पायऱ्या त्या हिशोबानं लावल्यात.

पायरी १: "काहीतरी काम" हे काम नव्हे

आधी नेमकं काम ठरवा. माझा साधा ठोकताळा असा, की ज्या कामाचा माल फाइलमधून जातो ते घरून होतं. टॅलीतला हिशोब, जीएसटी रिटर्न, कॅडचं ड्रॉइंग, कोड, डिझाइन, भाषांतर, सबटायटल्स, फोनवरचा कस्टमर सपोर्ट, ऑनलाइन शिकवणी. ज्याचा माल टेम्पोतून जातो त्याला जागेवर माणूस लागतो.

माझा दीर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. मी घरून काम करते याचं त्याला पहिली दोन वर्षं हसू यायचं. "भट्टी काय व्हॉट्सअ‍ॅपवर पेटवायची?" बरोबरच आहे, मोल्डिंगला आणि भट्टीपुढं माणूस लागतोच. पण त्याच्याच फाउंड्रीत आता गिऱ्हाईक पॅटर्नचं थ्रीडी मॉडेल मेलवर पाठवतं, ओतीव मालात ब्लो-होल, म्हणजे हवेचं भोक, दिसला की फोटो आधी गिऱ्हाइकाकडं जातो, आणि माल उचलायचा की नाकारायचा हे व्हिडिओ कॉलवर ठरतं. ते मॉडेल सुधारून देणारा पोरगा उद्यमनगरात बसलाय की उत्तूरला, याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही. म्हणजे तुम्हाला जो धंदा जवळून माहीत आहे त्यातला कुठला तुकडा फाइलवर चालतो तो शोधा. हुपरीच्या चांदीचं डिझाइन असेल, इचलकरंजीच्या कापडाचे हिशोब असतील. अगदी नवं क्षेत्र धरण्यापेक्षा ही वाट जवळची.

आणि मराठीला कमी लेखू नका. नीट, शुद्ध, वेगानं मराठी टाइप करणारी माणसं कमी आहेत. टायपिंग क्लासला मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचं सरकारी सर्टिफिकेट मिळतं, ते चांगलंच; फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा पद्धतीनं, टाइप करायची सवय लावून घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची भेळ होते, आणि तीही आपल्या इथल्यासारखी चविष्ट नव्हे.

पायरी २: शिकायचं कुठून

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढं एकेका समाजाची बोर्डिंगं शहरात उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर आधी शहरात पाठ टेकायला जागा पाहिजे, हे त्यामागचं कारण. आज गगनबावड्यातली मुलगी तोच धडा मोबाइलवर बघते. जागेचा प्रश्न सुटला. पण बोर्डिंगात पहाटे दार वाजवणारे रेक्टर असायचे, ते मोबाइलमधून येत नाहीत. ऑनलाइन कोर्स अर्ध्यात सुटतात ते माझ्या मते याच्यामुळं, कोर्स अवघड असतो म्हणून नव्हे.

पदवी पाहिजे असेल तर घराजवळ दोन वाटा आहेत. शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, ज्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. बाहेरच्या कुठल्याही विद्यापीठाची जाहिरात बघून भुललात तर फी भरण्याआधी एक करा: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या विद्यापीठाचा तोच कोर्स, त्याच वर्षासाठी मान्य आहे का ते बघा. विद्यापीठ मान्य असतं आणि कोर्स नसतो, असंही होतं. मान्यता असलेली दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आणि कुणी "घरबसल्या बीई", "घरबसल्या नर्सिंग", "घरबसल्या फार्मसी" म्हणाला तर फोन ठेवून द्या. या शाखांना दूरशिक्षणाची परवानगीच नाही.

पदवी आहे, कौशल्य पाहिजे, असं असेल तर स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत. पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच, एनपीटीईएलच्या एका कोर्सचे १००० रुपये. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, म्हणून त्या सर्टिफिकेटला थोडी किंमतही आहे. माझ्या भाच्यानं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा बारा आठवड्यांचा एक कोर्स धरला होता. व्हिडिओ सगळे बघितले, वहीत नोट्स सुंदर, रंगीत पेनांनी. असाइनमेंट मात्र "नंतर एकदम करतो" म्हणून ठेवल्या. त्या दर आठवड्याला ठरल्या तारखेला बंद होतात. बारातल्या चांगल्या आठ धरतात आणि त्यांना २५ गुण असतात, परीक्षेला ७५. सर्टिफिकेटला २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात. त्याला परीक्षेत ५८ मिळाले आणि असाइनमेंटमध्ये ६. गेलं सर्टिफिकेट. दुसऱ्या वेळी त्यानं आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, रेक्टर नेमलं. दर आठवड्याला शेवटच्या दिवशी जेवणाआधी त्या एकच विचारायच्या, "गृहपाठ धाडलास का रे?" त्यांना पायथन म्हणजे अजगर एवढंच माहीत. पण पोरगं पास झालं.

बसायला घरात जागा नसेल तर अभ्यासिका आहेत, पेठापेठांत आहेत. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. शिकायला दोन्ही उत्तम. कामाला मात्र उपयोग नाही, कारण तिथं कॉल घेता येत नाही आणि घ्यायचाही नसतो.

पायरी ३: लाइट आणि नेट

इथं जरा वेळ काढून वाचा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात अब्रू जाते ती याच ठिकाणी.

बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतो आणि लोक निर्धास्त असतात. पण घर बांधताना वायरमननं इन्व्हर्टरची लाइन पंखे आणि ट्यूबांना दिलेली असते, प्लगच्या सॉकेटला नाही. लाइट जाते, पंखा फिरत राहतो आणि राऊटर गार होतो. माझं पहिल्या महिन्यात अगदी असंच झालं, डेमोच्या मधोमध. तर वायरमनला बोलवा आणि दोन सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या: एक टेबलाशी, एक जिथं नेटचा डबा आहे तिथं. भिंतीवर फायबरचा छोटा डबा आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना लाइट पाहिजे, हे त्याला बजावून सांगा.

आता हिशोब. १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. लॅपटॉप ६५ वॉट, राऊटर १२, पंखा ७०, ट्यूब २०. मिळून १७० च्या आसपास. कागदावर दहा तास दिसतात, बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर निम्मे धरा. तरी दुपार निघते. इन्व्हर्टर नसेल तर नुसत्या राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, हजार-दोन हजारांत. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. तेवढ्यावरही दोन-तीन तास तग धरता येतो.

महावितरणकडं मोबाइल नंबर नोंदवून ठेवा. दुरुस्तीसाठी लाइट जाणार असेल तर मेसेज येतो. आमच्या घरचं मीटर आजेसासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन पंधरा वर्षं झालेली, त्यामुळं नंबर कुणाचाच नोंदवलेला नव्हता. अ‍ॅपवर ग्राहक क्रमांक टाकला, पाच मिनिटांचं काम निघालं.

नेट घेताना सगळे "स्पीड किती?" विचारतात. तुम्ही वेगळं विचारा. ग्रुप कॉलला चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळं शंभर काय आणि दोनशे काय. विचारायचं ते असं: अपलोडचा स्पीड डाउनलोडएवढाच आहे का? आमच्या गल्लीची लाइट गेली तर तुमच्या बाजूला बॅकअप किती तास? वायर तुटली तर माणूस किती वेळात येतो, आणि रविवारी येतो का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना जो अडखळतो त्याच्याकडं घेऊ नका. काही ऑपरेटरांचे स्विच गल्लीतल्या कुणाच्या तरी जिन्यात बसवलेले असतात, त्यांना लाइट लागते. तुमचा राऊटर इन्व्हर्टरवर चालू राहून उपयोग काय, जिन्यातला डबा झोपला तर.

दुसरी लाइन मोबाइलची ठेवा, पण ज्या कंपनीचा फायबर आहे तिचंच सिम नको. एका कंपनीचं बिघडलं तर दोन्ही एकदम जातात. कामाच्या दिवशी सकाळी एकदा हॉटस्पॉट लावून बघा, लॅपटॉपला त्याचा पासवर्ड आधीच माहीत असू द्या.

जुन्या घरांची अडचण निराळी. दीड-दोन फुटी भिंती. वायफायमध्ये ५ गिगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसतात. पहिलं पळतं जोरात पण भिंतीला अडतं, दुसरं हळू पण आत शिरतं. आमच्याकडं दोन्ही माजघराच्या भिंतीला हरली. शेवटी पंधरा मीटर लॅनची केबल चौकटीवरून खिळ्या मारून नेली. दिसायला वाईट आहे. पण त्यानंतर एकाही कॉलवर "तुमचा आवाज तुटतोय" ऐकलं नाही.

पायरी ४: घरातल्यांना सांगणं

माझा पहिला मोठा क्लायंट कॉल होता, दुपारी एकला. सात जण स्क्रीनवर, दोघं बेंगळुरूचे, एक साहेब लंडनचे. मी बोलत असताना मागून दार उघडलं, आई आल्या, आणि ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असलेलं ताट थेट कीबोर्डवर ठेवून म्हणाल्या, "गार होतंय. बोलशील मग." सात जणांनी ताट बघितलं. ठेच्याखाली कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि माझी स्क्रीन सगळ्यांना दिसायची बंद झाली. लंडनचे साहेब हसले म्हणून निभावलं.

आईंची चूक नव्हती. घरात माणूस दिसतंय, जेवायची वेळ झालीय, तर जेवायला वाढायचं, एवढं सरळ त्यांचं गणित. चूक माझी, मी सांगितलंच नव्हतं. "माझं काम असतं" हे सांगणं नव्हे. त्या संध्याकाळी मी त्यांना शेजारी बसवून कॉल कसा असतो ते दाखवलं, त्यांचा चेहराही स्क्रीनवर दाखवला. मग एक खूण ठरवली: कडीला लाल टॉवेल म्हणजे कॉल चालू, आग लागली तरच हाक मारायची. टॉवेल नाही म्हणजे या खुशाल. ही खूण पाच वर्षं टिकलीय. पोस्टमन आणि दूधवाल्यालाही ती ठाऊक झालीय.

"घरीच आहेस की" हे मात्र टॉवेलनं थांबत नाही. गॅसची गाडी, बँकेतलं पासबुक, आत्याबाईंना दवाखान्यात नेणं, सगळं तुमच्याकडं येणार. नुसतं नाही म्हणालात तर रुसवे होतात. मी वेळ सांगते: "सव्वाचारला अर्धा तास मोकळी आहे, तेव्हा जाऊ." वेळ दिली की माणसं थांबतात. बाई असाल तर हे आणखी काटेकोरपणे पाळावं लागतं. घरी बसलेल्या पुरुषाला कुणी डाळ निवडायला देत नाही.

आवाजाचं म्हणाल तर गणपतीत, नवरात्रात आणि फुटबॉलच्या सीझनला पेठेत शांतता मागणं म्हणजे वेडेपणा. माइक तोंडाजवळ येणारा हेडफोन घ्या, बोलायचं नसेल तेव्हा म्यूट ठेवा, आणि मिरवणुकीच्या दिवशी सरळ सुट्टी टाका. डॉल्बीपुढं कुठलंही नॉइज कॅन्सलेशन टिकत नाही.

पायरी ५: काम शोधताना वॉचमन तुम्हीच

शेजारच्या वहिनींची गोष्ट त्यांना विचारून सांगते. मोबाइलवर मेसेज आला: घरबसल्या फॉर्म भरा, एका फॉर्मला २० रुपये, रोज ८०. आधार कार्ड, फोटो, ऑनलाइन सही घेतली, "अ‍ॅग्रीमेंट" झालं. वहिनींनी सहा दिवस रात्री दोनपर्यंत जागून फॉर्म भरले. सातव्या दिवशी निरोप: अचूकता ८४ टक्के आली, अटीप्रमाणं ९० पाहिजे होती. पैसे मिळणार नाहीत, उलट कंपनीचं नुकसान झालं म्हणून तुम्हीच ६५०० भरा. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस, वर तीन सिंहांचा शिक्का, खाली "चोवीस तासांत अटक". वहिनींनी तीन दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. जेवण गेलं नाही त्यांना.

आम्ही ती नोटीस चहा पीत, शांतपणे वाचली. केस नंबर नाही. कोर्टाचं नाव एका ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दुसरं. पैसे मागितलेत ते कुणा माणसाच्या खासगी यूपीआयवर. करार मोडला म्हणून पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी मामला असतो. आणि हे "काम" मुळात कामच नव्हतं. भरलेले फॉर्म कुणालाच नको होते, दंड वसूल करणं हाच धंदा. आम्ही सगळे मेसेज जपून ठेवले, नंबर ब्लॉक केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली. पुढं काहीच आलं नाही.

दुसरा प्रकार टास्कचा. व्हिडिओ लाइक करा, पहिल्या दिवशी खरंच १५० रुपये येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात, तिथं बाकीचे "मला दहा हजार मिळाले" म्हणून फोटो टाकत असतात, ते सगळे त्यांचेच. मग "प्रीपेड टास्क": हजार भरा, तेराशे घ्या. रक्कम वाढत जाते आणि एके दिवशी अडकते. पैसे गेलेच तर वाट बघू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खरी कंपनी ओळखायची कशी? ती तुमच्याकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कुठल्याही नावानं नाही. मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून येतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं की कंपनी नोंदलेली आहे का ते फुकट दिसतं. मुलाखत माणसाशी, चेहरा दिसेल अशी होते. आणि मुलाखतीत कुणी तुमच्या मोबाइलवर स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर मुलाखत तिथंच संपली असं समजा.

पायरी ६: पहिले पंधरा दिवस

ऑफिसात तुम्ही खुर्चीत दिसता, म्हणजे काम चाललंय असं धरतात. इथं दिसत नाही, म्हणून लिहावं लागतं. मी रोज संध्याकाळी तीन ओळी पाठवते: झालं, अडलं, उद्या.

"झालं: लॉगिनच्या १४ टेस्ट तपासल्या, ३ बग नोंदवले. अडलं: पेमेंटच्या पानासाठी टेस्ट अकाउंट काल दुपारी मागितलंय, अजून मिळालेलं नाही. उद्या: मिळालं तर पेमेंट, नाहीतर रिपोर्टचं पान."

यातली मधली ओळ सगळ्यात कामाची. नवे लोक अडलेलं लपवतात, दोन दिवस एकटेच झगडतात, मग तिसऱ्या दिवशी सांगतात. अर्ध्या तासात सुटलं नाही तर विचारा. विचारताना काय करून बघितलं तेही लिहा.

परदेशातल्या क्लायंटचं काम असेल तर एक घड्याळाची गंमत लक्षात ठेवा. न्यूयॉर्क आपल्या मागं उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं, कारण ते मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ सरकवतात. म्हणजे त्यांची सकाळी दहाची मीटिंग इथं संध्याकाळी साडेसातला असते, ती नोव्हेंबरात साडेआठला जाते. जेवणाच्या ताटावर येते म्हणा ना.

आणि बोलण्याबद्दल. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी येतो, मी करतो" म्हणतो. पहिल्या आठवड्यात पुण्याच्या एका सहकाऱ्यानं मी "रिपोर्ट पाठवतो" म्हटल्यावर विचारलं, "कोण पाठवणारे? तुमचे मिस्टर?" मी काही बदललं नाही. आता टीममधल्या दोन पुण्याच्या मुली पण "पाठवतो" म्हणतात.

पायरी ७: पैसे

पगारी नोकरी असेल तर ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी बघा: कामाचं ठिकाण कोल्हापूर लिहिलंय की "सध्या घरून", नोटीस पिरियड किती, बाहेरचं दुसरं काम करायला मनाई आहे का. "सध्या" हा शब्द असेल तर पुण्यात खोलीच्या भाड्याचा हिशोब मनात करून ठेवा. माझ्या ओळखीच्या दोघांना चार आठवड्यांच्या मुदतीत परत बोलावलं.

सुटं काम करत असाल तर अर्धे पैसे आधी घ्या, निदान पहिल्या गिऱ्हाइकाकडून. कामासाठी बँकेचं खातं वेगळं ठेवा. गिऱ्हाईक टॅक्स कापून पैसे देतं तेव्हा तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का हे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तिमाहीला बघा. रिटर्न भरला नाही तर तो परत मिळत नाही. सेवेच्या कामाला वर्षाला २० लाखांपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट खासगी असतात. बाकी गोष्टींसाठी एक सीए गाठा. वर्षाची त्यांची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

पायरी ८: पावसाळा

हे पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मार्गदर्शनात सापडणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात अडकले होते. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, शहराला येणारा रस्ताच बंद, नवरा फोनवर सांगत होता की नळाला पाणी नाही, कारण पंपिंग स्टेशन पाण्याखाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, तेव्हा मी इथं होते. आमच्या पेठेत पाणी शिरत नाही, पण नेटला त्याचं काय. बेंगळुरूच्या मॅनेजरला मी "पूर आलाय" म्हटलं तर त्याला वाटलं रस्त्यावर तळं साचलंय.

तेव्हापासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी माझ्या कामाच्या कॅलेंडरात असते. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ झाली की मी टीमला मेल टाकते, आकड्यांसकट, आणि चालू काम दुसऱ्या कुणाला तरी बघता येईल असं ठेवते. सगळं काम सर्व्हरवर चढवते, लॅपटॉप, पॉवर बँक भरून ठेवते. ४३ च्या पुढं पाणी गेलं की काम होईल असं वचन कुणाला देत नाही. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळीकडं खालच्या भागात राहत असाल तर इशाऱ्यालाच लॅपटॉप घेऊन वरच्या भागातल्या पाहुण्यांकडं जा. कंपनीचा लॅपटॉप पाण्यात गेला तर भरपाईचं काय, हे जूनच्या आधी विचारून ठेवा.

आणि अधूनमधून पुणं

तीन महिन्यांनी एकदा तरी ऑफिसला जाऊन या, कंपनीनं बोलावलं नाही तरी. कुणाला बढती द्यायची ही चर्चा कॅन्टीनमध्ये होते, कॉलवर नाही. अंतर २३० किलोमीटरच्या आसपास. हायवेच्या रुंदीकरणामुळं बसला किती तास लागतील याची खात्री देता येत नाही. रात्रीची रेल्वे बरी. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतही आहे, पण रोज नाही, वार बघून तिकीट काढा. टीमसाठी कांदा-लसूण चटणी न्यायची असेल तर दोन पिशव्यांत बांधा आणि लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. माझ्या कीबोर्डच्या एंटर बटणाला अजून वास येतो.